वसाहतकालीन अमेरिकेतील करारबद्ध नोकर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करारबद्ध नोकर म्हणजे नेमके कोण?

सतराव्या आणि अठराव्या शतकांत इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड आणि जर्मन प्रदेशांतून अमेरिकेतील वसाहतींत जायला निघालेल्या ज्या माणसांकडे जहाजाचे भाडे भरण्याइतके पैसे नव्हते, ती माणसे ठराविक वर्षांची आपली मेहनत आधीच लिहून देत असत. सतराव्या शतकात अटलांटिक ओलांडण्याचे भाडे साधारण सहा पाउंड होते आणि गरीब शेतमजुराला एवढी रक्कम साठवायला बराच काळ लागला असता. भाडे व्यापारी किंवा जहाजाचा कप्तान भरे. त्या बदल्यात प्रौढ माणूस साधारणपणे चार ते सात वर्षे कामाला बांधला जाई. या काळात त्याला अन्न, कपडा आणि निवारा मिळे, पण पगार मिळत नसे.

ही प्रथा वसाहतींच्या काठाकाठाने चालणारी किरकोळ गोष्ट नव्हती. सतराव्या शतकात व्हर्जिनिया आणि मेरीलँड येथे आलेल्या युरोपीय लोकांपैकी बहुसंख्य याच मार्गाने आले होते.

एवढी माणसे तिकडे कशासाठी लागत होती?

तंबाखूसाठी. व्हर्जिनियातील जेम्सटाउनची वसाहत १६०७ मध्ये वसली आणि पुढच्या काही वर्षांत तंबाखूचे पीक तिथे रुजले. या पिकाला सतत हात लागतात. त्यातच ही वसाहत चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीने १६१८ मध्ये असा नियम केला की, जो कोणी एका माणसाच्या प्रवासाचा खर्च उचलील, त्याला माणशी ५० एकर जमीन मिळेल. या हक्काला हेडराइट म्हणत. त्यामुळे नोकर आणणाऱ्याचा दुहेरी लाभ होई : राबायला माणूस मिळे आणि त्याच्या नावावर जमीनही मिळे. ही जमीन नोकराला मिळत नसे, ती त्याचे भाडे भरणाऱ्याच्या पदरात पडे. नोकर पहिल्याच वर्षी मेला तरी जमिनीवरचा हा हक्क बुडत नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या जिवाची पर्वा इतकी कमी का होती, याचा काहीसा उलगडा होतो.

करारावर सही तर स्वखुशीने होत असे ना?

अनेकांच्या बाबतीत हो, पण सर्वांच्या बाबतीत नाही. कराराचा कागद दोनदा लिहून नागमोडी रेषेत कापत, म्हणजे दोन्ही अर्धे जुळवून खरेखोटेपणा पाहता येई. ज्याच्याकडे असा कागद होता, त्याच्या हाती निदान पुरावा तरी होता. कागदाविना आलेल्यांची मुदत मात्र वसाहतीचा कायदा ठरवी. व्हर्जिनियाच्या १६४३ च्या कायद्यानुसार वीस वर्षांवरील नोकराला चार वर्षे, बारा ते वीस वयाच्यांना पाच वर्षे आणि बाराहून लहान मुलांना सात वर्षे काम करावे लागे. म्हणजे जो जितका लहान आणि जितका एकटा, त्याची मुदत तितकी लांब.

याशिवाय फसवून किंवा पळवून आणलेली माणसे होती. लंडन आणि ब्रिस्टलच्या बंदरांत दलाल दारू पाजून, खाऊचे आमिष दाखवून किंवा सरळ उचलून माणसे जहाजावर चढवीत. हा प्रकार इतका वाढला की १६४५ मध्ये इंग्लंडच्या संसदेला मुले पळवणाऱ्यांविरुद्ध हुकूम काढावा लागला, आणि १६५४ मध्ये ब्रिस्टल शहराने बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नोकराची नोंद ठेवण्याचा नियम केला. १६८६ पर्यंतच्या त्या नोंदवह्यांत दहा हजारांहून अधिक नावे आहेत. तरीही पळवापळवी थांबली नाही. स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथून १७४३ मध्ये पीटर विल्यमसन नावाच्या मुलाला पळवून नेले आणि फिलाडेल्फियात सात वर्षांसाठी १६ पाउंडांना विकले. प्रौढ झाल्यावर तो मायदेशी परतला, त्याने आपली हकिकत छापली, आणि ज्यांचे हात या धंद्यात गुंतले होते त्या शहराच्या अधिकाऱ्यांविरुद्ध दावा लढवून तो जिंकला. असा न्याय मिळालेली माणसे फार थोडी.

सरकारही मागे नव्हते. लंडन शहराने १६१९ मध्ये रस्त्यावरची सुमारे शंभर गरीब मुले व्हर्जिनियाला धाडली. पुढच्या तुकडीतील काही मुलांनी जायला नकार दिला, तेव्हा जानेवारी १६२० मध्ये राजाच्या प्रिव्ही कौन्सिलने त्यांना सक्तीने पाठवण्याची मुभा दिली. १७१८ च्या कायद्यानंतर गुन्हेगारांना सात किंवा चौदा वर्षांच्या मुदतीने अमेरिकेत पाठवणे ही नेहमीची शिक्षा झाली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धापर्यंत असे सुमारे ५०,००० कैदी तिकडे गेले.

जहाजावरचा प्रवास कसा असे?

गॉटलीब मिटेलबर्गर हा जर्मन शिक्षक १७५० मध्ये फिलाडेल्फियाला गेला आणि चार वर्षांनी मायदेशी परतला. त्याने लिहून ठेवलेले वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. पिण्याचे पाणी काळे पडून त्यात किडे वळवळत. बिस्किटांत लाल अळ्या आणि कोळ्यांची जाळी असत. माणसे माशांसारखी दाटीवाटीने भरलेली असत. ताप, हगवण, उवा आणि तोंड सडवणारा स्कर्व्ही यांनी सगळे जहाज व्यापलेले असे. एक ते सात वर्षे वयाची मुले हा प्रवास क्वचितच पार करीत, असे तो सांगतो. स्वतःच्या जहाजावरून बत्तीस मुलांना समुद्रात सोडताना त्याने पाहिले होते.

त्याने नोंदवलेला एक नियम सर्वांत क्रूर म्हणावा लागेल. नवरा किंवा बायको अर्धा प्रवास उलटल्यावर मेली, तर मागे राहिलेल्याने दोघांचे भाडे फेडायचे, म्हणजे मेलेल्या माणसाच्या वाट्याची वर्षेही जगलेल्याने राबून काढायची.

अमेरिकेत उतरल्यावर काय घडे?

विक्री. व्हर्जिनियात जहाजे नदीतून एकेका मळ्याच्या धक्क्याला लागत आणि मळेवाले डेकवर येऊन नोकरांना चालायला लावीत, दंड चाचपून पाहत, काम काय येते ते विचारीत. विकत घेतला जाई तो माणूस नव्हे, त्याची मुदत, असे कायदा सांगे. पण ती मुदत पुढे दुसऱ्याला विकता येई, जुगारात हरता येई आणि मृत्युपत्रात वारसांना देता येई. अठराव्या शतकात काही व्यापारी घाऊक नोकर विकत घेऊन त्यांना गुरांच्या कळपासारखे आडगावांतून हाकत नेत आणि वाटेत एकेक करून विकीत.

पेन्सिल्व्हेनियातील जर्मन कुटुंबांना भाड्याची तजवीज करण्यासाठी थोडी मुदत मिळे. ती टळली की कुटुंबाची फाटाफूट होई. धडधाकट माणसे आधी विकली जात आणि आजारी माणसे आठवडेच्या आठवडे जहाजावरच पडून राहत. आईवडील स्वतः सुटावे म्हणून पोटच्या मुलांची मुदत विकीत, आणि ती मुले एकवीस वर्षांची होईपर्यंत परक्या घरी राबत. अनेकांची पुन्हा गाठभेट झालीच नाही.

रोजचे काम कोणते होते?

हिवाळ्याच्या अखेरीस तंबाखूचे बी वाफ्यात टाकायचे, वसंतात रोपांची लावणी करायची, मग सबंध उन्हाळाभर खुरपणी, शेंडे खुडणे, बगलफुटी काढणे आणि पानामागून पान उलटून हिरव्या अळ्या वेचून चिरडणे. भाद्रपदाच्या सुमारास झाडे कापून कोठारात वाळत टांगायची आणि शेवटी पाने पिंपांत दाबून भरायची. तंबाखू जमिनीचा कस लवकर खात असल्यामुळे दर काही वर्षांनी नवे जंगल तोडावे लागे, तेही याच हातांनी. ज्यांनी कोल्हापूर किंवा सांगलीकडची तंबाखूची शेती जवळून पाहिली आहे, त्यांना या कामाची कल्पना सहज येईल.

दिवसभराचे काम संपल्यावर रात्री उखळात मका कांडायचा असे, कारण सुरुवातीच्या काळात गिरण्या फार कमी होत्या. नोकरांना हे काम सर्वांत जास्त नकोसे वाटे. शिवाय कांडून झाल्यावर त्याच मक्याच्या कण्यांवर जेवण भागवायचे.

उपासमार आणि आजार खरोखर इतके भयंकर होते का?

होते, आणि याचा सर्वांत थेट पुरावा रिचर्ड फ्रेथॉर्न या तरुणाच्या पत्रात आहे. जेम्सटाउनजवळच्या मार्टिन्स हंड्रेड या वस्तीतून त्याने मार्च आणि एप्रिल १६२३ मध्ये इंग्लंडमधील आईवडिलांना लिहिले. त्याच्या आदल्या वर्षी, २२ मार्च १६२२ रोजी, ज्यांच्या जमिनी बळकावल्या जात होत्या त्या पोवहॅटन लोकांनी वसाहतीवर हल्ला केला होता. त्यात ३४७ वसाहतवाले मेले आणि शेती उद्ध्वस्त झाली. फ्रेथॉर्न लिहितो की, वाटाणे आणि पाणचट लापशी याखेरीज काही मिळत नाही, एका पेनीच्या पावावर चार जणांना भागवावे लागते, आणि घरी एका दिवसात जेवढे खात होतो तेवढे इथे आठवडाभरातही मिळत नाही. अंगावर धड सदरा नाही आणि होता तो झगा सोबत्यानेच चोरला. आपल्याबरोबर आलेल्या वीस जणांपैकी निम्मे मेल्यातच जमा आहेत, असे तो सांगतो. माझी मुदत विकत घेऊन मला सोडवा, आणि ते जमत नसेल तर निदान थोडे चीज, लोणी आणि मांस पाठवा, म्हणजे ते विकून काही करता येईल, अशी विनवणी तो करतो.

आकडेही हेच सांगतात. १६०७ पासून १६२४ पर्यंत सहा हजारांहून अधिक माणसे व्हर्जिनियाला गेली होती, पण १६२५ च्या गणतीत सुमारे १,२०० जण हयात होते. नव्याने आलेल्यांना पहिल्या उन्हाळ्यात हिवताप, हगवण आणि विषमज्वर गाठत. जो पहिले वर्ष तगून राही त्याची किंमत वाढे, कारण त्याचे अंग त्या हवेला सरावले असे मानत.

मालक मारहाण करीत असत का? कायद्याचे काही संरक्षण होते का?

मारण्याचा अधिकार मालकाला कायद्यानेच होता, वाद फक्त किती मारायचे याचा होता. व्हर्जिनियाने १६६२ मध्ये मालकांना बजावले की, पुरेसे अन्नवस्त्र द्या आणि शिक्षेत मर्यादा पाळा. नोकराला तक्रार घेऊन न्यायालयात जाण्याची वाटही ठेवली. अशा तक्रारी खरोखर झाल्या आणि काही नोकर त्यातून सुटलेही. मेरीलँडमध्ये जॉन डँडी या लोहाराला आपल्या नोकराच्या खुनाबद्दल १६५७ मध्ये फाशी झाली. परंतु तक्रार ऐकणारे न्यायाधीश बहुधा स्वतःच मळ्यांचे मालक असत. दावा फसला तर नोकराला त्याच घरी, त्याच माणसाच्या हाताखाली परत जावे लागे.

त्याच सुमारास व्हर्जिनियाने आणखी एक कायदा केला : नोकराला खासगी जागेत गुपचूप पुरता येणार नाही, शेजाऱ्यांना बोलावून प्रेत दाखवावे लागेल. असा कायदा करावा लागला, यातच सारे आले. २००३ मध्ये मेरीलँडमधील अ‍ॅनापोलिसजवळच्या लेव्ही नेक येथे उत्खननात सतराव्या शतकातील एका घराच्या तळघरात, केरकचऱ्याखाली, कोंबून पुरलेला सोळाएक वर्षांच्या मुलाचा सांगाडा सापडला. त्याच्या पाठीच्या कण्यावर जड ओझ्यांच्या खुणा होत्या, दात किडलेले होते आणि मनगट मृत्यूच्या थोडे आधी मोडलेले होते. खड्डा खणायला वापरलेल्या दुधाच्या मातीच्या परातीचा तुकडाही त्याच्याजवळच मिळाला. तो करारबद्ध नोकर असावा, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

स्त्रियांची स्थिती पुरुषांपेक्षा वेगळी होती का?

अधिक बिकट होती. मालकाच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नसे. अविवाहित नोकर स्त्रीला मूल झाले की, बाळंतपणात बुडालेल्या कामाच्या भरपाईपोटी तिची मुदत साधारण दोन वर्षांनी वाढे. मूल खुद्द मालकाचेच असेल तर काय? मग तर मालकाला आपल्या दुष्कृत्याचा फायदाच मिळे! हे लक्षात आल्यावर व्हर्जिनियाने १६६२ मध्ये ठरवले की, अशा स्त्रीची मुदत संपल्यावर चर्चच्या कारभाऱ्यांनी तिला आणखी दोन वर्षांसाठी दुसऱ्याला विकावे आणि येणारी तंबाखू परगण्याच्या कामी लावावी. मालकाचा लाभ गेला, पण तिची दोन वर्षे मात्र गेलीच.

जेन डिकिन्सन या विधवेची १६२४ ची फिर्याद उपलब्ध आहे. १६२२ च्या हल्ल्यात तिचा नवरा मारला गेला आणि ती दहा महिने कैदेत राहिली. डॉक्टर जॉन पॉट यांनी दोन पौंड मणी देऊन तिला सोडवले, आणि मग नवऱ्याची उरलेली मुदत व मण्यांची किंमत या दोन्हींपोटी तिला राबवून घेतले. इथली चाकरी आणि कैदेतली गुलामी यांत मला फरक दिसत नाही, असे तिने गव्हर्नरपुढे स्पष्ट मांडले.

याला सव्वाशेहून अधिक वर्षे उलटल्यावरही चित्र फारसे पालटले नव्हते. सप्टेंबर १७५६ मध्ये मेरीलँडहून एलिझाबेथ स्प्रिग्ज आपल्या रुसलेल्या वडिलांना लिहिते की, रात्रंदिवस घोड्यासारखे राबते, बांधून फटके मारतात, खायला मका आणि मीठ, अंगावर जवळजवळ काही नाही, पायात काही नाही, आणि झोपायचे ते घोंगडी गुंडाळून जमिनीवर. पूर्वीचा अपराध पोटात घालून थोडे कपडे पाठवा, एवढेच तिचे मागणे आहे.

पळून जाणाऱ्यांचे काय होत असे?

पकडले तर मुदत वाढे, आणि या सबंध व्यवस्थेची कळ माझ्या मते इथेच आहे. नोकराकडे दंड भरायला पैसा नव्हता. होता तो फक्त पुढचा काळ. म्हणून जवळजवळ प्रत्येक अपराधाची वसुली त्या काळातून केली जाई. व्हर्जिनियात १६४३ पासून जितके दिवस गैरहजर त्याच्या दुप्पट दिवस काम, आणि पुन्हा पळाल्यास गालावर डाग. मेरीलँडमध्ये तर गैरहजेरीच्या एका दिवसाला दहा दिवस. शोधायला लागलेला खर्चही दिवसांतच वसूल होई. चार वर्षांचा करार सात-आठ वर्षांवर कसा जाई, हे यावरून कळते. मुदत संपत आलेल्या नोकराला मुद्दाम छळून पळायला भाग पाडण्यात काही मालकांचा फायदा होता.

तरीही माणसे पळत राहिली. अठराव्या शतकातील वर्तमानपत्रे फरारी नोकरांच्या जाहिरातींनी भरलेली आहेत. त्यांत उंची, केसांचा रंग, अंगावरचे व्रण आणि कपड्यांवरची ठिगळेसुद्धा दिलेली असत. एप्रिल १७७५ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनीही पळालेल्या दोन नोकरांसाठी बक्षीस जाहीर केले होते. त्यांपैकी एक ब्रिस्टलचा सुतार होता आणि दुसरा स्कॉटलंडचा वीट पाडणारा.

मग यांना गुलाम म्हणता येईल का?

नाही. हाल कितीही भयंकर असले तरी हा फरक पुसू नये. इंटरनेटवर ‘आयरिश गुलाम’ अशा मथळ्याखाली जो मजकूर फिरतो, तो बहुतांशी आफ्रिकी लोकांच्या गुलामगिरीची तीव्रता कमी दाखवण्यासाठी वापरला जातो. करारबद्ध नोकराची मुदत संपत असे, त्याला न्यायालयात उभे राहता येई आणि त्याची मुले जन्मतः स्वतंत्र असत. गुलामाला यांतले काहीही नव्हते.

ऑगस्ट १६१९ मध्ये वीसहून थोडे अधिक आफ्रिकी लोक व्हर्जिनियात आणून विकले गेले, तेव्हा या दोन वाटा अजून पूर्णपणे वेगळ्या झाल्या नव्हत्या. १६२१ मध्ये आणलेला अँटनी जॉन्सन हा आफ्रिकी माणूस पुढे मुक्त झाला आणि १६५१ मध्ये त्याने २५० एकर जमिनीवर हक्क सांगितला. पण १६४० मध्येच एका निकालाने पुढची दिशा दाखवली होती. एकाच मालकाकडून तीन नोकर मिळून पळाले. एक डच, एक स्कॉटिश आणि तिसरा जॉन पंच नावाचा काळा माणूस. तिघांनाही तीस-तीस फटके बसले. दोघा गोऱ्यांची मुदत मालकाकडे एक वर्ष आणि नंतर वसाहतीकडे तीन वर्षे अशी वाढली. जॉन पंचला मात्र जन्मभराची चाकरी ठोठावण्यात आली. १६६२ मध्ये, मूल आईच्या स्थितीप्रमाणे गुलाम वा स्वतंत्र ठरेल, असा कायदा झाला आणि गुलामी वंशपरंपरेने चालू लागली.

नोकरांनी कधी एकत्र येऊन विरोध केला का?

केला. १६६१ मध्ये यॉर्क काउंटीतील नोकरांनी, खायला नुसती मक्याची भाकर आणि पाणी मिळते म्हणून, उठावाची भाषा सुरू केली होती. १६६३ मध्ये ग्लॉस्टर काउंटीत शस्त्रे घेऊन गव्हर्नरकडे स्वातंत्र्य मागायला जाण्याचा बेत ठरला, पण बर्कनहेड नावाच्या नोकराने तो फोडला. त्याला स्वातंत्र्य आणि ५,००० पौंड तंबाखू बक्षीस मिळाली. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरविरुद्ध झालेल्या १६७६ च्या बेकनच्या बंडात मात्र करारबद्ध नोकर, नुकतेच सुटलेले गरीब गोरे आणि काळे गुलाम एकाच बाजूने लढले आणि सप्टेंबरमध्ये जेम्सटाउन जाळले गेले. त्या बंडाचा रोख मूळ रहिवाशांविरुद्धही होता, हे विसरता येत नाही. पण गोरे आणि काळे श्रमिक एकत्र आले, याची धास्ती मळेवाल्यांनी घेतली. १७०५ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने गोऱ्या ख्रिस्ती नोकराला न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय उघडे करून फटके मारण्यास बंदी घातली, आणि त्याच कायद्याने गुलामांचे पाश अधिक आवळले.

मुदत संपल्यावर हाती काय पडे?

व्हर्जिनियात १७०५ पासून पुरुषाला दहा बुशेल (धान्याचे एक माप) मका, तीस शिलिंग आणि एक बंदूक. स्त्रीला पंधरा बुशेल मका आणि चाळीस शिलिंग. मेरीलँडमध्ये १६८३ पर्यंत ५० एकर जमिनीचा हक्कही होता, पण मोजणीचा आणि दस्ताचा खर्च स्वतः करायचा असल्यामुळे अनेकांनी तो हक्क नाममात्र किमतीला विकून टाकला. सुरुवातीच्या काळात जे जगले त्यांतील बरेच जण जमीनदार झाले. नंतर चांगली जमीन धनिकांच्या ताब्यात गेली आणि तंबाखूचे भाव पडले, तेव्हा सुटलेल्या माणसाला कूळ म्हणून राहावे लागे किंवा सरहद्दीकडे सरकावे लागे. आयर्लंडहून करारावर आलेला जॉर्ज टेलर पुढे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक झाला, हे खरे आहे; पण त्या एका नावावरून सर्वांचे नशीब जोखणे अन्यायाचे होईल.

यांत भारतीय कोणी होते का? आपल्या गिरमिटियांशी याचा काही संबंध आहे का?

होते. व्हर्जिनियाच्या १६३५ च्या हेडराइटच्या नोंदीत, जॉर्ज मेनिफी या मळेवाल्याने आणलेल्या माणसांत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असे नाव आहे. पुढे अठराव्या शतकातील फरारी नोकरांच्या जाहिरातींतही ईस्ट इंडियन म्हणून वर्णन केलेली माणसे भेटतात.

गिरमिटियांची, म्हणजे भारतातून करारावर परमुलखात नेलेल्या मजुरांची, प्रथा वेगळी आणि नंतरची. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३४ मध्ये संपू लागल्यावर उसाच्या मळ्यांसाठी ती उभी राहिली. कोकण आणि देशावरून मुंबई बंदरामार्गे मॉरिशसला गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. दोन्ही व्यवस्थांतली माणसे, पिके आणि कायदे निराळे होते. मात्र प्रवासखर्चाच्या बदल्यात वर्षे बांधून घेणे आणि गैरहजेरीबद्दल ती लांबवणे, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच आढळतो.

ही प्रथा केव्हा आणि कशामुळे संपली?

तंबाखूच्या मुलखात ती सतराव्या शतकाच्या अखेरीस मागे पडली. इंग्लंडमध्ये मजुरी वाढल्याने तरुण निघेनासे झाले, आणि त्याच काळात आफ्रिकेतून थेट गुलाम आणणारी जहाजे वाढली, तेव्हा मळेवाल्यांनी जन्मभराच्या गुलामांकडे मोर्चा वळवला. पेन्सिल्व्हेनियात जर्मन आणि आयरिश नोकर मात्र अठराव्या शतकभर येत राहिले. स्वातंत्र्ययुद्धाने इंग्लंडच्या कैद्यांना अमेरिकेचा रस्ता बंद झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत भाड्यापोटी मुदत विकण्याची पद्धत आपोआप विरत गेली. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरीबरोबर सक्तीच्या चाकरीवरही बंदी आणली. गुन्ह्याची शिक्षा म्हणून दिलेले सक्तीचे काम तेवढे तिच्यातून वगळले आहे.